रिकाम्या पुंगळ्यांचा हिशेब

रेंजवर तासभर बार काढून झाले की पायाशी पितळी पुंगळ्यांचा सडा पडलेला असतो. शेजारच्या लेनवरचा माणूस त्या झाडूने पुढे लोटतो आणि घरी जातो. आपल्याला ते बघवत नाही. कॉफीच्या रिकाम्या बाटल्यांत मोहरी-जिरं भरणाऱ्या आणि आइस्क्रीमच्या डब्यातून शेजाऱ्यांकडे आमटी पाठवणाऱ्या घरांत आपण वाढलो. एवढं चकचकीत, जड पितळ कचऱ्यात जाताना पाहून जीव तुटतो. मग कोणीतरी सांगतं, अरे, ह्या पुन्हा भरता येतात. महिन्याभरात गॅरेजमध्ये एक लोखंडी प्रेस बसतो आणि घरात सांगितलं जातं की आता पैसे वाचणार आहेत.

मीही तेच सांगितलं होतं. ह्यूस्टनच्या बाहेर राहतो, नऊ वर्षं काडतुसं घरी भरतो आहे आणि पहिल्या दिवसापासून खर्चाची वही ठेवली आहे. अमेरिकेतले बरेच मराठी लोक हल्ली रेंजवर दिसतात, आणि त्यांच्यातला निम्मा वर्ग तरी हा प्रश्न विचारतोच: घरी भरणं परवडतं का? माझं उत्तर असं, की बहुतेकांना परवडत नाही, थोड्यांना चांगलंच परवडतं, आणि तुम्ही कशात मोडता हे तुमच्या काटकसरीवर नाही, तुम्ही कोणतं काडतूस उडवता त्यावर ठरतं.

हिशेबाला बसण्याआधी व्हिसा पाहा. एच-वन-बी, एफ-वन अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या संघीय कायद्याप्रमाणे बंदूक किंवा दारूगोळा बाळगता येत नाही. याला मोजके अपवाद आहेत, वैध शिकारीचा परवाना हा त्यातला नेहमीचा. कायद्यातल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत नुसतं भरलेलं काडतूस येत नाही. पुंगळी, प्रायमर, गोळी आणि दारू हे सुटे भागसुद्धा येतात. म्हणजे मित्राबरोबर रेंजवर जाऊन आठवण म्हणून चार रिकाम्या पुंगळ्या खिशात टाकल्या, तरी तुम्ही त्या व्याख्येत आलात. ग्रीन कार्डधारकाला ही आडकाठी नाही. स्वतःपुरती काडतुसं भरायला वेगळा संघीय परवाना लागत नाही, पण विकायची म्हटली तर लागतो, वर अकरा टक्के अबकारी कर. राज्यांचे आणि शहरांचे नियम आणखी निराळे असतात, ते आपापल्या गावचे वाचून घ्यावेत.

आता काडतूस. त्यात चारच वस्तू असतात: पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारा प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. बार उडाला की पुंगळी तेवढी उरते. ती मूळ आकारात दाबून घ्यायची, जुना प्रायमर काढून नवा बसवायचा, मोजून दारू घालायची, वर गोळी बसवायची. पुंगळी पितळेची हवी आणि बॉक्सर पद्धतीच्या प्रायमरची, म्हणजे बुडाला मधोमध एकच भोक असलेली. बर्डन पद्धतीत बाजूला दोन भोकं असतात, त्यातून प्रायमर काढणं जिकिरीचं. गंमत अशी की बॉक्सर हा इंग्रज आणि बर्डन अमेरिकन, पण अमेरिकेने इंग्रजाची पद्धत उचलली आणि युरोपातल्या बऱ्याच सैन्यांनी अमेरिकनाची.

पिस्तुलाचं सगळ्यात खपणारं काडतूस ९ एमएमचं, म्हणून त्याचंच गणित आधी करू. प्रायमर धरा आठ सेंटला एक. २०१९ साली हजार प्रायमर तीस-पस्तीस डॉलरला मिळायचे, आता सत्तरपासून नव्वदपर्यंत काहीही पडतात. गोळी दहा सेंट. दारू पौंडावर मिळते, पौंडाचे ७००० ग्रेन होतात, आणि एका काडतुसाला साडेचारेक ग्रेन लागते असं नुसत्या हिशेबापुरतं धरलं, तर पंचेचाळीस डॉलरच्या डब्यात दीड हजारांवर काडतुसं होतात, म्हणजे तीन सेंट. पुंगळी रेंजवरून उचललेली, फुकट. बेरीज एकवीस सेंट. हेच काडतूस तयार, हजाराच्या खोक्यात, पंचवीस-सव्वीस सेंटला येतं.

वाचले पाच सेंट.

आता प्रेस, पुंगळी दाबायचे साचे म्हणजे डाय, तराजू, मापणी, पुंगळ्या घासायचं यंत्र असं मिळून साधारण सहाशे डॉलर धरा. ते पाच-पाच सेंटांनी फिटायला बारा हजार काडतुसं भरावी लागतील. महिन्याला दोनशे बार काढणाऱ्याला पाच वर्षं लागतात. आणि वेळ? एकेका टप्प्याला एकदाच लिव्हर ओढायच्या साध्या प्रेसवर पुंगळ्या साफ करण्यापासून डबीत भरेपर्यंत सगळं धरलं तर तासाला साठ काडतुसं झाली तरी खूप. साठ गुणिले पाच सेंट, तासाचे तीन डॉलर. अमेरिकेत संघीय किमान वेतन सव्वासात डॉलर आहे. माझ्या वहीत पहिल्या दोन वर्षांच्या पानांखाली तासाला तीन डॉलर हा आकडा लाल शाईने लिहिलेला आहे. तो बायकोने लिहिला आहे.

यावर रेंजवरचे जाणकार सांगतात की मग प्रोग्रेसिव्ह प्रेस घे, लिव्हर एकदा ओढली की एक काडतूस तयार. ॲरिझोनातल्या डिलनचे निळे प्रेस त्यासाठी नावाजलेले आहेत, आणि त्यावर तासाला तीन-चारशे काडतुसं निघतात हेही खरं. पण तो प्रेस एकटाच सहाशेच्या पुढे जातो, त्याला जोडायच्या वस्तू वेगळ्या, आणि एका वेळी चार ठिकाणी चार कामं चाललेली असताना चूक कुठे झाली हे नवख्याला कळत नाही. महिन्याला हजार-दीड हजार बार काढणाऱ्या स्पर्धकाने तो घ्यावा. हौशी माणसाने ९ एमएमचं खोकं विकत आणावं आणि शनिवार मोकळा ठेवावा.

काडतूस बदललं की गणित उलटतं. रिव्हॉल्व्हरचं .३८ स्पेशल दुकानात पंचेचाळीस ते पन्नास सेंटला पडतं, पण आत जाणारा माल ९ एमएमइतकाच, म्हणजे एकवीस-बावीस सेंटांचा. दुकानदार तुमच्याकडून पितळाचे आणि कमी खपाचे पैसे घेतो, आणि ती पुंगळी रिव्हॉल्व्हरमध्येच राहत असल्यामुळे हरवतही नाही. इथे काडतुसामागे पाव डॉलर वाचतो. लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी लागणारं .३०८चं मॅच दर्जाचं काडतूस दीड ते दोन डॉलरला येतं. घरी चांगली गोळी पंचेचाळीस सेंट, दारू अठ्ठावीस, प्रायमर नऊ, आणि डॉलरभराची उत्तम पुंगळी आठ-नऊ वेळा वापरली तर तिचे बारा, असे चौऱ्याण्णव सेंट होतात. शिवाय आपल्याच बंदुकीच्या नळीला मानवेल असं काडतूस जमवता येतं, आणि खरं सांगायचं तर मॅच रायफलवाले पैशांसाठी भरतच नाहीत, त्या एका कारणासाठी भरतात.

माझा स्वतःचा जीव मात्र जडला आहे तो थ्री-नॉट-थ्रीवर. इथल्या जुन्या मालाच्या दुकानात मला एक ली-एनफिल्ड मिळाली, बाजूच्या पट्टीवर इशापूरचा शिक्का. लहानपणी पोलीस चौकीच्या दारात शिपायाच्या खांद्यावर पाहिलेली तीच ती बंदूक, बंगालात घडलेली, टेक्सासात विकायला ठेवलेली. मी भाव न करता घेतली. (इशापूरने साठच्या दशकापासून याच घाटाची ७.६२ नाटो काडतुसाची रायफलही बनवली. दोन्ही लांबून सारख्याच दिसतात. कोणती आहे याची खात्री बंदूकदुरुस्तीवाल्याकडून करून घ्या.) तिचं काडतूस कधी मिळतं, कधी महिनोन्‌महिने मिळत नाही, आणि मिळालं तर पावणेदोन-दोन डॉलरला एक. घरी ते पंच्याण्णव सेंटांत होतं. महिन्याला वीस बार, म्हणजे वर्षाला दोनशे-सव्वादोनशे डॉलर वाचले. माझी सगळी यंत्रसामग्री फेडली ती या एका म्हाताऱ्या बंदुकीने.

पण पुंगळी फुकटात कितीही वेळा वापरता येते हा समज तिनेच मोडला. ली-एनफिल्डचा बोल्ट मागच्या बाजूला अडकतो आणि तिची चेंबर ऐसपैस असते, त्यामुळे प्रत्येक बाराला पुंगळी ताणली जाते. आपण ती दाबून पुन्हा पहिल्या मापात आणतो, पुढच्या बाराला ती पुन्हा ताणते, आणि बुडाच्या थोडं वर पितळ आतून पातळ होत जातं. बाहेरून काही दिसत नाही. फार तर एक उजळ रेघ. तपासायचं कसं? कागदाची पिन सरळ करून तिचं टोक काटकोनात वाकवायचं, पुंगळीत घालून आतल्या भिंतीला टेकवायचं आणि बुडापासून हळूहळू वर ओढायचं. ते टोक मध्येच कुठे खाचेत अडखळलं, तर ती पुंगळी संपली. पक्कडीने चेपून भंगारात. न चेपता टाकली तर उद्या आपणच ती उचलून आणू. सगळी पुंगळी न दाबता फक्त तिची मान दाबून घेतली तर ती जास्त टिकते. मी सहा बारांचा हिशेब धरतो.

बारा बोअरची साधी छर्‍याची काडतुसं भरण्यात आता काही राम नाही, पंचवीसच्या खोक्यामागे डॉलर-दोन डॉलर वाचले तर वाचले. अठ्ठावीस गेज आणि .४१० वाल्यांना मात्र फायदा आहे, कारण त्यांना दुकानात छोट्या काडतुसाचे मोठे पैसे द्यावे लागतात.

आणि पॉइंट टू-टू. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला पन्नास मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवल्यापासून भारतातून हा प्रश्न मला तीनदा आला: पोरगं नेमबाजी शिकतंय, काडतुसं महाग पडतात, घरी भरता येतील का? नाही. टू-टूला वेगळा प्रायमर नसतो, ठिणगीचा मसाला पुंगळीच्या कडेच्या आतच पसरलेला असतो. ती कड एकदा चेपली की संपलं. त्या खेळातले मोठे खेळाडू भरण्यात नाही, निवडण्यात पैसे घालतात: एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या लॉटची काडतुसं आपल्या बंदुकीतून उडवून पाहायची आणि ज्या लॉटचे छिद्रांचे घोळके सगळ्यात घट्ट येतात त्याचा साठा घ्यायचा. आणि भारतात इतर कुठलं काडतूसही घरी भरायच्या फंदात पडू नका. १९५९च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याचे भागच नव्हे, तो बनवायची यंत्रंसुद्धा दारूगोळा धरली आहेत, आणि विनापरवाना उत्पादनाला किमान सात वर्षांची कैद आहे. माझ्या गॅरेजमधला प्रेस पुण्यातल्या गॅरेजमध्ये नुसता बसवून ठेवला तरी ती भानगड होईल.

टंचाईच्या काळात घरी भरणं उपयोगी पडतं असं सांगतात. अर्धंच खरं आहे. २०२० साली दुकानांतली काडतुसांची फळी रिकामी झाली तशी प्रायमरचीही रिकामी झाली. अमेरिकेत प्रायमर बनवणारे मोठे कारखाने बोटांवर मोजण्याइतके, आयडाहोत लुइस्टनला, मिनेसोटात अनोकाला, आर्कान्सात लोनोकला असे, आणि ते बनवतात त्यातून आधी स्वतःची काडतुसं भरतात. उरले तर आपल्याला. ज्यांच्याकडे आधीचा साठा होता ते हसले. म्हणून भरायचंच असेल तर भाव उतरलेले असताना वर्षभराचे प्रायमर घ्यावेत. ऑनलाइन मागवणार असाल तर दारू आणि प्रायमर एकाच पार्सलात मागवा, कारण ज्वालाग्राही मालाचे वीस-तीस डॉलर दर पार्सलमागे वेगळे लागतात आणि एक डबा मागवला तर सगळी बचत त्यातच जाते.

आता काटकसरीचा तोच स्वभाव कुठे आवरायचा ते. प्रायमर ज्या खाच्यांच्या मूळ पेटीत येतात त्यातच ठेवा. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ओतले तर एक पेटल्यावर सगळे एकदम उडतात. पेटीतल्या खाचा त्याचसाठी असतात. दारूही मूळ डब्यातच ठेवा, तो डबा मुद्दाम कच्चा केलेला असतो, म्हणजे आग लागली तर दाब साठण्याआधी तो फुटावा. अग्निसुरक्षेच्या अमेरिकी संहितेप्रमाणे घरात वीस पौंड दारू आणि दहा हजार प्रायमरपर्यंत साठा चालतो. आपल्याला तेवढा कधी लागत नाही. टेक्सासच्या उन्हाळ्यात गॅरेज भट्टी होतं, तेव्हा माल घरातल्या थंड कपाटात, कुलपात ठेवावा. सासूबाई आल्या होत्या तेव्हा ‘दारू कोटांच्या कपाटात आहे’ हे वाक्य मी दोनदा समजावून सांगितलं.

शिशाचं मात्र थट्टेवारी नेऊ नका. उडालेल्या पुंगळ्यांत प्रायमरच्या शिशाची धूळ असते आणि त्या घासल्यावर ती हवेत येते. लहान मुलं असलेल्या घरात हे काम घरात नको. यंत्र बाहेर चालवा, झाकण बाहेर उघडा, हात गार पाण्याने आणि साबणाने धुवा, आणि पुंगळ्या चाळायला स्वतंत्र चाळणी विकत आणा. पिठाची नाही. मी एका ओळखीच्या घरात पिठाची पाहिली आहे.

दारूची चूक कशी होते ते सांगतो, माझीच आहे. शनिवारी सकाळी मी .३८ भरत होतो. लाकडी ठोकळ्यात पन्नास भोकं, त्यात पन्नास पुंगळ्या, एकेकीत दारू घालत चाललो होतो आणि आईचा फोन आला. भारतात संध्याकाळ, तिला वेळ होता. वीस मिनिटांनी परत बसलो ते एक पुंगळी सोडून पुढच्या पुंगळीपासून. रेंजवर सहा बारांतला चौथा ‘फट्’ न होता नुसता ‘फुस्स’ झाला. मी पुन्हा घोडा दाबणार तेवढ्यात मागून रेंजवाला ओरडला. नुसत्या प्रायमरच्या जोराने गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन अडकली होती. पुढचा बार तिच्यावर आदळला असता तर नळी फाटली असती, आणि तिच्या मागे माझा हात होता. बाराचा आवाज वेगळा आला की थांबायचं, बंदूक रिकामी करायची, नळी तपासायची. त्या दिवसापासून गोळ्या बसवण्याआधी मी बॅटरी घेऊन पन्नासही पुंगळ्यांत डोकावतो. सगळ्यांत दारूची पातळी सारखी दिसली पाहिजे. .३८ची पुंगळी मुळात जुन्या काळ्या दारूसाठी बेतलेली, म्हणून लांब. आजची दारू तिच्या तळाशी जेमतेम दिसते, आणि चुकून दुप्पट पडली तरी ती वर सांडत नाही. कमी पडलेली निदान ऐकू येते, दुप्पट पडलेली आधी कळतच नाही. फोन दुसऱ्या खोलीत, टेबलावर एका वेळी एकच दारूचा डबा, आणि मापं फक्त छापील पुस्तकातली. मित्राने सांगितलेलं माप घ्यायचं नाही, आणि त्याने भरलेली काडतुसंही उडवायची नाहीत, तो कितीही जवळचा असो. बहुतेक बंदूक कंपन्या घरी भरलेल्या काडतुसाने झालेल्या नुकसानीची हमी देत नाहीत हेही लक्षात असू द्या.

एवढं वाचूनही हात शिवशिवत असतील तर प्रेस आत्ता घेऊ नका. पस्तीस-चाळीस डॉलरचं एक पुस्तक घ्या, लायमनचं किंवा हॉर्नडीचं, आणि पुढचे सहा महिने आपण नेमके किती बार काढतो ते लिहून ठेवा. माणसं हा आकडा दुप्पट सांगतात. आपल्या काडतुसाच्या पुंगळ्या मात्र आत्तापासून जमवा, त्याला काही पडत नाही. सहा महिन्यांनी आकडा .३८, .३०८ किंवा एखाद्या दुर्मीळ काडतुसाचा निघाला, तर ली किंवा आरसीबीएस कंपनीचा साधा एक-टप्प्याचा प्रेस घ्या. जुना चालतो. ओतीव लोखंडाला काही होत नाही, आणि हौस फिटलेल्या माणसांचे प्रेस निम्म्या किमतीत मिळतात. माझ्या प्रेसच्या पहिल्या मालकाने त्यावर शंभरही काडतुसं भरलेली नव्हती.

आणि भारतात जाण्याआधी सामान झटका. भाच्याला किल्लीला अडकवायला पुंगळी हवी असते, त्याला नाही म्हणा. तिथल्या कायद्यात तीही दारूगोळ्याचा भाग होऊ शकते आणि विमानतळावर समजावत बसावं लागतं. रेंजवर नेलेली पिशवी प्रवासाला वापरूच नका. मी वापरत नाही, तरी मागच्या खेपेला निघण्याच्या आदल्या रात्री बूट उलटा करून पायरीवर आपटला, तेव्हा तळव्याच्या खाचेतून टू-टूची एक पुंगळी निघाली आणि टणटणत खाली गेली. दुसरा बूट मग सुरीने खरवडून पाहिला.